व्यापारगटात शिरलेला देश बाहेरच्यांसाठी खुला होतो की बंद?

सीमारेषा (धागालेखन)

प्रादेशिक व्यापारगटांचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एका मतानुसार शेजाऱ्यांशी व्यापार मोकळा केला की देशातल्या उद्योगांना स्पर्धेची सवय होते आणि मग जगाला दार उघडणं सोपं जातं. दुसऱ्या मतानुसार ही मंडळी आपापसात शुल्क माफ करतात आणि बाहेरच्यांसाठी तटबंदी उभारतात. मला दोन्ही मतं अर्धवट वाटतात. कुठलाही गट पाहताना मी आधी एकच गोष्ट शोधते: बाहेरच्या मालावरचं शुल्क ठरवायचा अधिकार आता कोणाकडे आहे, आणि ते ठरवताना कोणाचा दर सगळ्यांच्या गळ्यात पडला?

कझाकस्तानचं बघा. रशिया, बेलारूस आणि कझाकस्तान यांनी २०१० साली सीमाशुल्क संघ केला. सीमाशुल्क संघात आतलं शुल्क शून्य होतं आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांचा दर एकच राहतो. हा एकच दर बहुतेक वस्तूंवर रशियाचा आधीचा दर होता. रशियाला स्वतःचे मोटार कारखाने जपायचे होते. कझाकस्तानकडे जपण्यासारखं तसं फारसं काही नव्हतं, त्याचे दर बरेच कमी होते. संघात शिरल्यावर कझाकस्तानचं सरासरी आयात शुल्क जवळपास दुप्पट झालं. चीन, तुर्कस्तान, युरोप इथून येणारा माल तिथल्या ग्राहकाला महाग पडू लागला आणि त्या वाढीचा फायदा मिळाला रशियन उत्पादकांना. पुढे २०१५ मध्ये किर्गिझस्तान आत आला. चिनी माल कमी शुल्कात आणून आजूबाजूच्या देशांना विकणं हा तिथला मोठा धंदा होता, बिश्केकचा दोर्दोई बाजार त्यावरच वाढला होता. त्या धंद्याचा पायाच हलला.

आता आखाती देश घ्या. त्यांनी २००३ मध्ये बाहेरच्या मालासाठी ५ टक्के हा समान दर लावला. सौदी अरेबियाचा सर्वसाधारण दर त्याआधी १२ टक्के होता, तो खाली आला. अमिरातीचा ४ होता, तो एका टक्क्याने वर गेला. गट तसाच, सीमाशुल्क संघच, पण परिणाम उलटा. आखातात स्थानिक कारखानदारांचा दबाव तुलनेने कमी होता, सरकारांची तिजोरी तेलावर भरत होती आणि दुबईसारखं बंदर आयात-निर्यातीवरच जगत होतं.

अर्थशास्त्रात या चर्चेची सुरुवात जेकब वाइनर यांच्यापासून धरतात. १९५० मध्ये त्यांनी दाखवलं की शेजाऱ्यांपुरतं शुल्क माफ केल्याने दोन गोष्टी घडू शकतात. आपला महागडा कारखाना बंद पडून शेजाऱ्याचा स्वस्त माल येतो, ती व्यापारनिर्मिती. किंवा दूरच्या देशाचा खरोखर स्वस्त माल सोडून शेजाऱ्याचा महाग माल घेतला जातो, कारण शेजाऱ्याला शुल्क नाही आणि दूरच्याला आहे. हे व्यापाराचं वळण. दुसऱ्या प्रकारात बाहेरच्यावरचं शुल्क एका पैशानेही वाढलेलं नसतं, तरी बाहेरचा देश बाजारातून बाहेर फेकला जातो. म्हणून "आम्ही तर शुल्क वाढवलंच नाही" हा गटांचा युक्तिवाद मला कधीच पुरेसा वाटत नाही.

इथल्या जाणकारांचं काय मत आहे? विशेषतः एखाद्या गटामुळे बाहेरच्यांना फायदा झाल्याचं ठोस उदाहरण असेल तर जरूर सांगा.

तराजू

धागा आवडला. एक शंका. जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या गॅट कराराच्या चोविसाव्या कलमात तर स्पष्ट अट आहे ना, की गट केल्यावर बाहेरच्यांसाठीचं शुल्क एकंदरीत आधीपेक्षा जास्त असता कामा नये? मग कझाकस्तानसारखं घडतंच कसं?

सीमारेषा

@तराजू, कझाकस्तान तेव्हा जागतिक व्यापार संघटनेत नव्हता, तो २०१५ मध्ये आत आला. रशियाही २०१२ मध्ये आला. त्यामुळे त्यांना ही अट लागूच नव्हती. पण अट लागू असते तिथेही खरी मेख "एकंदरीत" या शब्दात आहे. चार देश मिळून सरासरी काढतात, त्यात कोणाचं वाढतं, कोणाचं घटतं. आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणाऱ्या रोमच्या तहात हेच केलं होतं. बेनेलक्स (बेल्जियम, हॉलंड, लक्झेंबर्ग), फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि इटली या चार सीमाशुल्क प्रदेशांचे १ जानेवारी १९५७ चे दर घेऊन साधी सरासरी. फ्रान्स आणि इटली उंचावरून खाली आले, जर्मनी आणि बेनेलक्स वर गेले. कागदावर हिशेब बरोबर. पण हॉलंडला माल विकणाऱ्या बाहेरच्या देशाला "इटलीत तुमचं शुल्क कमी झालंय की" असं सांगून काय उपयोग? त्याचा माल इटलीत जातच नसेल तर?

गोदीकाठ

याचं अगदी नेमकं उदाहरण स्पेनच्या मक्याचं आहे, ते जरा तपशिलात सांगतो.

स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात आले. त्याआधी स्पेन जनावरांच्या खाद्यासाठी अमेरिकेतून मोठ्या प्रमाणात मका आणि ज्वारी घ्यायचा. स्पेनचं त्यावरचं शुल्क गॅटमध्ये बांधलेलं होतं, म्हणजे त्यापेक्षा वाढवणार नाही असं वचन दिलेलं होतं. समुदायात आल्यावर ते जाऊन युरोपची बदलती लेव्ही (आयातीवरचा कर) लागू झाली. ही लेव्ही जागतिक भाव आणि युरोपातला ठरवलेला भाव यांच्यातला फरक भरून काढायची. म्हणजे बाहेरच्याने भाव कितीही पाडला तरी लेव्ही तेवढीच वर जाणार. त्यापेक्षा ठरावीक टक्के शुल्क परवडलं, त्यात निदान स्पर्धेला जागा असते.

युरोपची बाजू अशी: स्पेनचं औद्योगिक मालावरचं शुल्क आम्ही खाली आणलं, त्याचा फायदा अमेरिकेला मिळतोच आहे, हिशेब फिटला. अमेरिकेचं म्हणणं असं की मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान यंत्र बनवणाऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही. मग अमेरिकेने युरोपीय ब्रँडी, पांढरी वाइन, जिन, चीज वगैरेंवर २०० टक्के शुल्काची धमकी दिली. जानेवारी १९८७ मध्ये तडजोड झाली. चार वर्षं दरवर्षी समुदायाबाहेरून २० लाख टन मका आणि ३ लाख टन ज्वारी स्पेनमध्ये येऊ द्यायची.

यात दोन गोष्टी कळतात. नुकसानभरपाई मिळते, पण ती भांडायची ताकद असलेल्यालाच. अमेरिकेच्या जागी एखादा छोटा देश असता तर २०० टक्क्यांच्या धमकीला कोणी विचारलं असतं?

उत्तरायण

धागालेखिकेने बाहेरच्यांना फायदा झाल्याचं उदाहरण मागितलंय, ते देते. जपानी गाड्या.

१९८० च्या दशकात युरोपीय समुदायाचं बाहेरचं शुल्क एक होतं, पण कोटे प्रत्येक देशाचे वेगळे होते. इटली थेट जपानहून येणाऱ्या गाड्या वर्षाला काही हजारांच्या आत ठेवायचा. फ्रान्समध्ये जपान्यांना बाजाराच्या साधारण ३ टक्क्यांपलीकडे जाऊ देत नसत. मग कोणी बेल्जियममध्ये जपानी गाडी उतरवून ती इटलीत का नेत नव्हतं? कारण रोमच्या तहाच्या ११५ व्या कलमाखाली सदस्य देशाला आयोगाची परवानगी घेऊन असा आडमार्गाने आलेला माल अंतर्गत सीमेवर अडवता यायचा.

१९९२ अखेर अंतर्गत सीमांवरची तपासणीच संपणार होती. सीमेवर माणूसच नसेल तर इटलीचा कोटा राबवणार कोण? राष्ट्रीय कोट्यांना जमीनच उरली नाही. १९९१ मध्ये जपानशी समझोता झाला, १९९९ च्या अखेरीपर्यंत निर्यातीवर देखरेख ठेवायची आणि मग बंधन पूर्ण उठवायचं. तसंच झालं. त्या काळात "युरोपचा किल्ला होणार" अशी भीती जगभर व्यक्त होत होती. गाड्यांच्या बाबतीत मात्र आतल्या सीमा पुसल्यामुळेच बाहेरच्यांसाठीच्या भिंती पडल्या. कोटे तसेच राहिले असते तर इटलीने ते आपणहून काढले असते असं मला अजिबात वाटत नाही.

शिवाय मानकांचा मुद्दा आहे. एकदा युरोपचं प्रमाणन मिळालं की सगळ्या सदस्य देशांत माल जातो. हा फायदा बाहेरच्या उत्पादकालाही तितकाच मिळतो. शुल्काकडेच पाहत राहिलं तर ही बाजू दिसत नाही.

तराजू

@उत्तरायण, गाड्यांचं पटलं. पण याच १९९३ च्या एकत्रित बाजारात केळ्यांचं बरोबर उलटं झालं ना? पश्चिम जर्मनीला रोमच्या तहात खास सवलत होती, लॅटिन अमेरिकेची केळी शुल्काशिवाय यायची. फ्रान्स आणि ब्रिटन मात्र आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना जपायचे. बाजार एक करायचा म्हणून धोरण एक केलं आणि जर्मनीचा मोकळा बाजार कोट्यात अडकला. जर्मनी युरोपीय न्यायालयात गेली आणि हरली. जागतिक व्यापार संघटनेतला वाद मिटायला २००९ उजाडलं, तेव्हा टनामागे १७६ युरोवरून ११४ पर्यंत टप्प्याटप्प्याने शुल्क उतरवायचं ठरलं. गाड्यांमध्ये भिंत पडली आणि केळ्यांमध्ये उभी राहिली. वर्ष तेच, बाजार तोच.

सीमारेषा

@उत्तरायण, हे उदाहरण फार मोलाचं आहे, मनापासून आभार. आणि तराजूंनी जोडलेलं केळ्यांचं प्रकरण त्याला अगदी बरोबर लागून बसतं. गाड्यांच्या वेळी जर्मनी, बेल्जियम, हॉलंड हे मोकळ्या बाजूचे देश भारी पडले. केळ्यांच्या वेळी फ्रान्स आणि ब्रिटन यांना ते फार महत्त्वाचं होतं आणि जर्मनीची बाजू कमी पडली. म्हणजे दर किंवा कोटा एक करायचा तर तो कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही. तो प्रत्येक मालासाठी नव्याने लढवला जातो.

हिशेबनीस

आतापर्यंतची सगळी उदाहरणं सीमाशुल्क संघाची आहेत. मुक्त व्यापार क्षेत्र वेगळं असतं आणि माझ्या मते हा फरक या चर्चेत सर्वांत महत्त्वाचा आहे. मुक्त व्यापार क्षेत्रात प्रत्येक देश बाहेरच्यांसाठी स्वतःचा दर ठेवतो.

एस्तेवादेओर्दाल, फ्रॉइंड आणि ऑर्नेलास यांचा २००८ चा अभ्यास आहे. लॅटिन अमेरिकेतले दहा देश, १९९० ते २००१, मालवार आकडे. निष्कर्ष असा की मुक्त व्यापार क्षेत्रातल्या देशांनी ज्या मालावर शेजाऱ्याला सवलत दिली, त्याच मालावर पुढे बाहेरच्यांसाठीही शुल्क उतरवलं. सीमाशुल्क संघात हा परिणाम दिसला नाही. कारण समजण्यासारखं आहे. शेजाऱ्याचा माल शुल्काशिवाय येतोच आहे, मग बाहेरच्या स्वस्त मालावर शुल्क चालू ठेवून तुम्ही फक्त स्वतःचा महसूल घालवता आणि शेजारच्या महाग कारखानदाराचा खिसा भरता. आपल्या उद्योगाला त्या शुल्काचं संरक्षण उरलेलंच नसतं, त्यामुळे ते टिकवण्यासाठी देशात भांडणाराही कमी होतो. संघात मात्र एकट्याने दर उतरवता येत नाही. शेजारचा कारखानदार आपल्या सरकारमार्फत तुमचाही दर धरून ठेवतो.

मर्कोसुर बघा. अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे, १९९१ चा आसुन्सिओन करार, १९९५ पासून समान बाह्य शुल्क. यंत्रसामग्रीचे कारखाने ब्राझीलकडे. पॅराग्वे आणि उरुग्वे यांना बाहेरून स्वस्त यंत्रं हवी होती, पण समान दर ब्राझीलच्या सोयीचा झाला. आजही उरुग्वेला एकट्याने बाहेर करार करायचा म्हटलं की गटात वादंग होतो. युरोपशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा व्हायला पाव शतक लागलं, ती डिसेंबर २०२४ मध्ये झाली.

उलट बाजूचाही पुरावा सांगतो. नुनो लिमाओ यांनी उरुग्वे फेरी नावाच्या जागतिक व्यापार वाटाघाटींत अमेरिकेने केलेल्या कपाती तपासल्या. ज्या मालावर अमेरिकेने काही देशांना आधीच खास सवलत दिली होती, त्या मालावर तिने बाकी जगासाठी शुल्क कमी उतरवलं. सवलत ही भेट म्हणून वापरायची असेल तर बाकीच्यांना तीच दिल्याने भेटीची किंमत जाते. म्हणजे मुक्त व्यापार करार सगळीकडे दार उघडतोच असं नाही. सवलत देणारा मोठा देश आणि घेणारा छोटा देश असला की हिशेब बदलतो.

गोदीकाठ

मुक्त व्यापार करारातही संकट आलं की बाहेरचाच पहिला बळी जातो. मेक्सिकोचं पेसो संकट डिसेंबर १९९४ मध्ये आलं, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार नाफ्टा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. मेक्सिकोने १९९५ मध्ये कपडे, पादत्राणे, चामड्याच्या वस्तू अशा बऱ्याच मालावर शुल्क ३५ टक्क्यांपर्यंत नेलं, पण फक्त करार नसलेल्या देशांसाठी. अमेरिका आणि कॅनडाला हात लावला नाही, लावता आलाच नसता.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९८२ च्या संकटात मेक्सिकोने सगळ्याच आयातीला परवाने लावून दार बंद केलं होतं. १९९५ मध्ये निदान मोठा हिस्सा उघडा राहिला. पण आशियातल्या निर्यातदाराला त्याचं काय?

काठावरचा

शुल्काचे दर सगळेच मोजतात. मला जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे मूळ देशाचे नियम. मुक्त व्यापार क्षेत्रात प्रत्येकाचा बाह्य दर वेगळा, म्हणून बाहेरचा माल सर्वांत कमी दराच्या देशातून आत शिरू नये यासाठी माल खरोखर गटातलाच आहे हे सिद्ध करावं लागतं. हेतू रास्त आहे, पण नियम लिहिताना काय होतं ते पाहा.

नाफ्टात कपड्यांसाठी नियम होता की सूत कातण्यापासून पुढचं सगळं काम गटात झालं पाहिजे, तरच शिवलेला शर्ट शुल्कमुक्त. मेक्सिकोतला शिवणारा आधी आशियातून स्वस्त कापड घेत असेल तर आता त्याला अमेरिकेचं कापड घेणं भाग. आशियाई कापडावर मेक्सिकोने किंवा अमेरिकेने एक टक्काही शुल्क वाढवलेलं नाही, कुठल्याही दरपत्रकात काही दिसणार नाही. तरी त्या कापडाचा बाजार गेला. ॲन क्रूगर यांनी हे फार आधी दाखवून दिलं होतं की या नियमांतून एक देश आपलं संरक्षण दुसऱ्या देशात निर्यात करतो.

मोटारींचंही तसंच. नाफ्टात ६२.५ टक्के मूल्य गटातलं हवं होतं, २०२० मध्ये आलेल्या नव्या करारात ते ७५ वर नेलं. वर ४० ते ४५ टक्के मूल्य ताशी किमान १६ डॉलर मजुरीच्या कामातून आलेलं हवं. सुटे भाग पुरवणाऱ्या बाहेरच्या देशासाठी ही भिंतच आहे. चोविसाव्या कलमाची "एकंदरीत शुल्क" मोजणारी पट्टी इथे चालतच नाही.

उत्तरायण

@काठावरचा, सहमत. म्हणूनच आसिआन या आग्नेय आशियाई देशांच्या गटाचा अनुभव मला वेगळा वाटतो. त्यांनी १९९२ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र ठरवलं, पण सदस्यांपैकी अनेकांनी बाहेरच्यांसाठीचे दरही हळूहळू खाली आणले. सिंगापूर तर जवळजवळ सगळाच माल शुल्काशिवाय घेतो. सवलतीचा दर आणि सर्वांसाठीचा दर यांत फरकच उरला नाही तर मूळ देशाचं प्रमाणपत्र काढायच्या भानगडीत निर्यातदार पडत नाही. आसिआनमध्ये अनेक मालांबाबत असंच होतं. त्यांचा बराच मोठा व्यापार चीन, जपान, अमेरिका, युरोप यांच्याशी आहे, सुटे भाग आत येतात आणि तयार माल बाहेर जातो. बाहेरच्यांना बंद करून त्यांचा धंदाच चालणार नाही.

तराजू

मग "गटातला आपापसातला व्यापार किती टक्के" हा आकडा यशाचं मोजमाप म्हणून का वापरतात? आसिआनचा हा वाटा साधारण पाव भाग, युरोपीय संघाचा निम्म्याहून बराच जास्त. वृत्तपत्रांत हे वाचून आसिआन अपयशी वाटतं.

हिशेबनीस

@तराजू, त्या आकड्यावरून खुलेपणाबद्दल काहीच ठरवू नका. गटात देश जास्त असले, मोठे असले, एकमेकांना चिकटून असले की वाटा आपोआप जास्त येतो. वाटा वाढला म्हणजे बाहेरचा व्यापार घटला असंही नाही, दोन्ही वाढलेले असू शकतात. पाहायचं ते हे: बाहेरून होणारी आयात गटाच्या उत्पन्नाच्या तुलनेत वाढली की घटली, आणि बाहेरच्या निर्यातदाराला मिळणारा भाव काय झाला. चँग आणि विंटर्स यांनी २००२ मध्ये ब्राझीलबाबत भाव तपासले. अर्जेंटिनाला सवलत मिळाल्यावर बाहेरच्या देशांना ब्राझीलमध्ये टिकण्यासाठी आपले भाव उतरवावे लागले. त्यांचा माल विकला गेला, आयातीचा आकडाही ठीक दिसला असेल, पण प्रत्येक नगामागे हातात कमी पडलं. हे नुकसान वाट्याच्या टक्केवारीत कधी दिसत नाही.

गोदीकाठ

एक मुद्दा राहतोय. गट झाला की बाहेरचे गप्प बसत नाहीत आणि त्यातून कधी कधी सगळ्यांचाच फायदा होतो. युरोपची भिंत उभी राहतेय हे पाहून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ मध्ये तिथल्या संसदेकडून (काँग्रेस) शुल्क निम्म्यापर्यंत उतरवण्याचे अधिकार घेतले. त्यातून १९६४ ते १९६७ ची केनेडी फेरी ही जागतिक व्यापार वाटाघाटी झाली आणि औद्योगिक मालावरचं शुल्क सरासरी ३५ टक्क्यांच्या आसपास कापलं गेलं. १ जुलै १९६८ ला युरोपचा सीमाशुल्क संघ पूर्ण झाला आणि त्याच सुमारास ही कपात लागू होऊ लागली. वाइनर यांना ज्याची काळजी होती ते वळण औद्योगिक मालात बरंच सौम्य झालं ते यामुळे. शेतमालात अशी कपात झाली नाही. तिथे युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवरचं शुल्क वाढवल्यावरून जे भांडण पेटलं त्यात अमेरिकेने हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं, ते १९६४ पासून आजतागायत उठलेलं नाही.

सीमारेषा

खूप काही मिळालं या चर्चेतून. माझा मूळ प्रश्न शुल्क ठरवायच्या अधिकाराचा होता, त्यात काठावरचा यांच्यामुळे मूळ देशाच्या नियमांची भर पडली. हे नियम लिहिणारा हातही तितकाच निर्णायक आहे.

अधिकार पूर्ण सोडला तर काय होतं याचं टोक म्हणजे तुर्कस्तान, ते इथे नोंदवते. १९९५ च्या अखेरीपासून औद्योगिक मालासाठी तुर्कस्तान युरोपीय संघाबरोबर सीमाशुल्क संघात आहे, पण संघाचा सदस्य नाही. युरोपचं बाह्य शुल्क त्याला लावावं लागतं, ते ठरवताना मत मात्र नाही. युरोपने मेक्सिको किंवा दक्षिण आफ्रिकेशी मुक्त व्यापार करार केला की त्या देशाचा माल युरोपात उतरून शुल्काशिवाय तुर्कस्तानात येऊ शकतो. तुर्कस्तानच्या मालाला मात्र तिकडे पूर्ण शुल्क. आणि तुर्कस्तानने वेगळा करार मागितला तर समोरच्याला घाई कशाला असेल? त्याला हवं ते युरोपमार्गे आधीच मिळालेलं असतं. दक्षिण कोरियाचा युरोपशी करार २०११ मध्ये लागू झाला, तुर्कस्तानशी २०१३ मध्ये. मेक्सिकोशी अजून झालेला नाही. मधल्या काळात तुर्कस्तानने २०११ पासून कापड आणि तयार कपड्यांवर जादा शुल्क लावायला सुरुवात केली. ज्या करारामुळे त्याचे औद्योगिक दर एकदम खाली आले होते, त्याच कराराच्या फटीतून ते पुन्हा वर जाऊ लागले.

@हिशेबनीस, सेवा आणि सरकारी खरेदी यांबाबत असा मालवार अभ्यास कोणी केला असेल तर दुवा द्या. त्यावर वेगळा धागा काढते.